शनिवारी थांबलेली गोष्ट

३ ऑक्टोबर १९७८, मंगळवार

शिक्षण खात्याचे पत्र आले. मुलांच्या गोष्टींचे पुस्तक त्यांना नोव्हेंबरअखेर हवे आहे. बारा परीकथा, आमच्या बेटाच्या गेलिक भाषेत, सात ते दहा वयासाठी. सोबत सूचनांचा कागद : 'मृत्यूचे प्रसंग शक्यतो टाळावेत. धार्मिक उल्लेख टाळावेत.' हा कागद लिहिणाऱ्याने आमच्या बेटावरची एकही गोष्ट ऐकलेली नसावी. त्यातून मरण आणि देव काढले तर उरतात घोडे आणि ओटची लापशी.

तरी अकरा गोष्टी मी खात्याच्या मनासारख्या करून ठेवल्या आहेत. राक्षसाने तीन भाऊ खाल्ले होते, आता तो त्यांना कोंडून ठेवतो. बुडालेला कोळी आता 'दूर गेला' आहे. मला हे आवडलेले नाही. पण अडतीस वर्षे शाळा चालवल्यावर खात्याशी कुठे भांडायचे आणि कुठे नाही, हे कळते.

बारावी गोष्ट ओयरिककडून घ्यायची. ती एक्याण्णव वर्षांची आहे आणि गावात जुन्या गोष्टी सांगणारे तिच्याशिवाय कोणी उरलेले नाही. शाळेचा टेपरेकॉर्डर मागून आणला आहे. त्याचे झाकण कोणीतरी तोडले आहे. माझ्या वेळी असे झाले नसते.

११ ऑक्टोबर, बुधवार

शेजारची शोनाग आजही शाळा सुटल्यावर माझ्याकडे आली. वय आठ. तिची आई ॲना गेल्या महिन्यात बारा तारखेला वारली. पोटातला आजार, चार महिने चालला. रोरी, शोनागचा बाप, घरामागच्या शेडमध्ये मागावर ट्वीडचे लोकरी कापड विणतो. सकाळी आठला माग सुरू होतो आणि दिवेलागणीला थांबतो. मधे तो कोणाशी बोलत नाही. रोरीला मी पाच वर्षे शिकवले आहे. तेव्हाही तो फारसा बोलत नसे, पण तेव्हाचे न बोलणे वेगळे होते.

पोर माझ्याकडे येऊन गृहपाठ करते. मी तिला भाकरी आणि लोणी देते. लाड करत नाही.

ओयरिककडे मी टेपरेकॉर्डर घेऊन जाते, तिथे हिला यायचे आहे. म्हटले, गप्प बसणार असशील तर चल. गप्प बसण्यात ती बापावर गेली आहे.

२८ ऑक्टोबर, शनिवार

आज बारावी गोष्ट मिळाली. म्हणजे पाऊण मिळाली.

ओयरिक चुलीपाशी दोन उशा पाठीला लावून बसली होती. श्वास लागत होता. तिची भाची केटी-ॲन तिच्याकडे राहते. ती म्हणाली, "आज फार बोलवू नका हं तिला." त्यावर ओयरिक म्हणाली, "मेल्यावर गप्पच बसायचंय की. लाव गं मर्डिना तुझं ते यंत्र."

गोष्ट अशी. एका विणकराची बायको बाळंतपणात मेली, मागे मुलगी राहिली. त्याने तिला पुरले. वर्षाने ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, तू पुरलास तो ओंडका होता. मला टेकडीतल्या परीलोकांनी नेलं आणि माझ्या जागी ओंडका ठेवला. जुन्या पंचांगाने हिवाळ्याच्या पहिल्या रात्री ते घोड्यांवरून दफनभूमीच्या भिंतीवरून जातात. शेवटचा घोडा करडा, त्यावर मी असेन. तू स्वतः विणलेलं कापड माझ्या अंगावर टाक, म्हणजे मी तुझी. पण मनात शंका नको. धाग्याएवढीही नको.

विणकर भिंतीशी उभा राहिला. काळे घोडे गेले, तांबडे गेले, पांढरे गेले. करडा आला. त्याने कापड उचलले.

इथे ओयरिक थांबली. ती शोनागकडे पाहत होती. शोनाग स्टुलावर सरळ बसलेली आणि तिचे दोन्ही हात वर. कापड धरल्यासारखे.

"पुढे?" मी विचारले.

"पुढे सोमवारी. उद्या रविवार आहे. पाणी भरून ठेवायचंय, बटाटे सोलायचेत."

रविवारी आमच्याकडे कोणी विहिरीवर जात नाही की सुरीला हात लावत नाही. सगळे शनिवारीच उरकावे लागते. पण घड्याळात पावणेचार झाले होते आणि बटाटे केटी-ॲनने सकाळीच सोलले होते, मी स्वतः पातेले पाहिले. तसे म्हटलेही. ओयरिक म्हणाली, "फार बघतेस तू. लहानपणापासूनच."

टेपवर अजून वीस मिनिटांची जागा आहे.

वाटेत शोनागने विचारले, "बाई, जुन्या पंचांगाने हिवाळ्याची पहिली रात्र कधी?" मी सांगितले, अकरा नोव्हेंबर. तारखेचा प्रश्न होता, उत्तर दिले.

३० ऑक्टोबर, सोमवार

मी रविवारी लिहीत नाही. म्हणून कालचे आज.

काल सकाळी चर्चला निघताना केटी-ॲन दारात आली. "मावशी म्हणतेय, मर्डिनाला बोलाव. एकटीलाच. शेवट सांगायचाय."

मी म्हटले, "आज वार कोणता?"

"ते मला कळतं, बाई. पण ती फार मागे लागलीय."

"परीकथा ऐकायला मी रविवारी कोणाच्या घरी जात नाही. उद्या नऊला येते म्हणावं."

संध्याकाळी साडेपाचला ओयरिक गेली.

नियम माझ्यासाठी एक आणि इतरांसाठी दुसरा असे मी कधी केले नाही. गेले असते तर काय झाले असते, हा प्रश्न निरुपयोगी आहे. आज नऊ वाजता ठरल्याप्रमाणे गेले. अंघोळ घालायला केटी-ॲनला मदत केली. टेपरेकॉर्डर सोबत नेला होता, हे तिथे पोचल्यावर लक्षात आले.

१ नोव्हेंबर, बुधवार

दफन झाले. दोन दिवस घरी प्रार्थना होती. शाळेतून बाके आणली, शेजाऱ्यांकडून कप. आज पाद्रीबुवा विश्वासावर बोलले. चांगले बोलले, अर्धा तास जास्त.

शवपेटी खोलीच्या मधोमध होती. प्रार्थना संपून माणसे उठत असताना शोनाग पुढे गेली आणि बोटाच्या पेराने पेटीवर तीनदा टकटक केले. कान लावला.

"काय चाललंय?" कोणीतरी दटावले.

"लाकूड वाजतंय," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांनी ऐकले. रोरीने तिला दंडाला धरून बाहेर नेले.

मग पुरुषांनी पेटी उचलली. दोन रांगा, दर काही पावलांनी खांदा बदलत, समुद्राकडच्या रस्त्याने. आम्ही बायका घराच्या भिंतीशी उभ्या राहिलो. दफनाला आमच्याकडे बायका जात नाहीत. वळणावर रांग दिसेनाशी झाली की आत येऊन भांडी घासायची. शोनाग माझ्या शेजारी होती.

"आईला पण असंच नेलं," ती म्हणाली. "वळणापर्यंत. पुढचं कोणी पाहिलंय?"

"पुरुषांनी."

"पेटी उघडून?"

मी तिला कप पुसायला दिले.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

गोष्टीचा शेवट कुठे मिळेना. पलीकडच्या गावातल्या दोघा म्हाताऱ्यांना विचारले. एक म्हणतो, कापड तिच्या अंगावर पडले आणि ती परत आली. दुसरा म्हणतो, विणकराच्या मनात ऐनवेळी शंका आली, म्हणून ती गेली. खात्याला पहिला शेवट चालेल. पण शोनाग रोज विचारते, "कळलं का?" मी सांगते, "नाही." ओयरिकच्या गोष्टीला माझ्या पदरचा शेवट लावणे म्हणजे खोटे बोलणे. ते मी करणार नाही.

संध्याकाळी केटी-ॲन भांडी परत द्यायला आली. म्हणाली, "बाई, एक सांगायचं राहिलं. रविवारी तुम्ही येत नाही म्हटल्यावर मावशी हसली. म्हणाली, जाऊ दे, तिला शेवट ठाऊक आहे. ही गोष्ट तिच्या आईनेच मला दिलीय. मला फक्त आठवण करून द्यायची होती."

म्हातारपणी माणसांची गल्लत होते. आमच्या घरात गोष्टी सांगत नसत. माझे वडील युद्धातून परत येताना १९१९च्या नववर्षाच्या पहाटे बोट बुडून गेले, बंदराच्या तोंडाशी, घराचे दिवे दिसत असताना. बेटावरच्या कितीतरी घरांत तसेच झाले आणि कोणत्याच घरात त्याबद्दल बोलत नसत. तिसऱ्या दिवशी बाबांना गाडीवरून आणले. मी सहा वर्षांची होते. त्या हिवाळ्यातले मला एवढेच आठवते की बाबा आल्यावर घालतील म्हणून आईने त्यांचा लोकरी सदरा चुलीपाशी ऊबेला ठेवला होता आणि नंतर तो ती झोपताना माझ्यावर टाकत असे. तो पायापर्यंत पोचायचा. गोष्टबिष्ट काही नाही.

८ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी दोनला माग थांबला. दिवेलागणीपूर्वी तो थांबला की समजावे, काहीतरी मोडले. पाच मिनिटांनी रोरी माझ्या दारात. हातात ट्वीडचा तुकडा, कडा कात्रीने वेड्यावाकड्या कापलेल्या.

"बाई, माझ्या पोरीच्या डोक्यात तुम्ही काय भरलंय?"

"आत ये. टोपी काढ."

त्याने टोपी काढली. त्या वयात लागलेली सवय जात नाही.

"मागावरनं कापलंय हे. दोन वार. कापड न्यायला गिरणीची गाडी शुक्रवारी येणार, त्यांना काय दाखवू? पण ते जाऊ दे. सकाळी मला म्हणते, बाबा, शनिवारी रात्री भिंतीशी यायचं, पण आधी सांग, आई जिवंत आहे याची तुला खात्री आहे ना? शंका असेल तर येऊ नकोस, तुझ्यामुळे ती यायची नाही." तो खुर्चीवर बसला. "काय सांगू मी?"

मी चहाचे आधण ठेवले.

"चार महिने अख्खं चर्च प्रार्थना करत होतं, बाई. सगळे येऊन एकच सांगायचे, विश्वास ठेवा. ही पोर रोज खुर्चीशी गुडघे टेकून बसायची. उठ म्हटलं तरी उठायची नाही. ॲना गेली. आता मला विचारते, तेव्हा कोणाचा विश्वास कमी पडला? माझा की तुझा?"

"तू काय म्हणालास?"

"मी मागावर जाऊन बसलो."

चहा झाला. त्याने प्यायला नाही. मी सांगितले, "शनिवारी दुपारी एकला तिला माझ्याकडे पाठव. कापडासकट."

"कुठे नेणार?"

"ॲनाच्या कबरीवर."

"बायका जात नाहीत तिथं."

"दफनाला जात नाहीत. एरवी जाऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही. मी पाहिलंय शोधून."

"तुम्ही कधी गेलाय?"

"चहा पी, गार होतोय," मी म्हटले.

११ नोव्हेंबर, शनिवार

एकला निघालो. वारा पश्चिमेचा, पाऊस नाही. शोनागने कापड छातीशी घट्ट धरले होते.

"पण रात्री जायला हवं ना?"

"रात्री काही दिसत नाही. दिसत नसलेल्या गोष्टीची खात्री कशी करणार?"

ती पुढे चालू लागली. दफनभूमी दोन मैलांवर आहे, समुद्राच्या काठी, वाळूवरच्या गवतात. वळणापाशी ती क्षणभर थांबली. मीही थांबले. मग आम्ही वळण ओलांडले. पलीकडे तसाच रस्ता आहे.

ॲनाच्या कबरीवर अजून दगड बसवलेला नाही. मातीचा उंचवटा आणि क्रमांकाची खुंटी. क्रमांक रोरीकडून लिहून घेतला होता.

"इथे?"

"इथे."

"ओंडका आहे?"

"नाही. तुझी आई आहे."

"तुम्ही पेटी उघडून पाहिली?"

"पेटीत ठेवण्याआधी पाहिली. तिला अंघोळ मी घातली, मी आणि केटी-ॲनने. केस मी विंचरले. डाव्या कानामागे तीळ होता."

शोनाग माझ्याकडे बघत राहिली. "केसांखाली. कोणाला दिसायचा नाही तो."

"मला दिसला. ओंडक्याला तीळ नसतो."

ती उंचवट्यापाशी बसली. रडली नाही. गवताची दोन पाती उपटली आणि परत खोचली. मी उभी होते. माझ्या गुडघ्यांना ओली जमीन चालत नाही.

"मग गोष्टीतल्या माणसाचं काय झालं?"

मला माहीत नाही, असे म्हणायला मी तोंड उघडले.

"त्याने कापड टाकलं," मी म्हटले. "ते जमिनीवर पडलं."

"त्याला शंका आली?"

"नाही. धाग्याएवढीही आली नाही. त्याचा विश्वास पुरा होता."

"मग का पडलं?"

"कारण ती मेली होती. विश्वासाचा तिथे काही संबंध नव्हता."

"त्याच्या मुलीचा कमी पडला असेल."

"मुलीचाही पुरा होता. दोघांचाही पुरा होता आणि ती मेली होती."

लाटांचा आवाज मोठा होता. तिने ऐकले की नाही कळेना. मग ती म्हणाली, "घोडे खरे होते?"

"ते मला माहीत नाही."

"आणि कापड? त्याने कापडाचं काय केलं?"

"उचललं आणि घरी नेलं. घरी मुलगी झोपली होती. थंडी होती. तिच्या अंगावर घातलं."

"पूर्ण?"

"पायापर्यंत."

हा शेवट मला कसा सुचला ते सांगता येत नाही. मी गोष्टी रचत नाही. एक वाक्य झाले की पुढचे येत गेले, पाठ केलेला धडा म्हणावा तसे. 'पायापर्यंत' हे तर मी म्हणेपर्यंत मलाच माहीत नव्हते.

शोनागने कापड उंचवट्यावर पसरले. हाताने सारखे केले. वाऱ्याने एक टोक उडाले, तिने ते धरले. थोडा वेळ तसेच ठेवले. मग म्हणाली, "इथे भिजेल," आणि उचलून स्वतःच्या खांद्यांवर घेतले. मी मागची कड खाली ओढून दिली.

निघताना दारापाशी डाव्या हाताची तिसरी ओळ लागली. रोरीच्या क्रमांकासोबत चर्चच्या वहीतून आणखी एक क्रमांक मी उतरवून घेतला होता. दगडावर शेवाळ होते, तरी नाव आणि तारीख वाचता येत होती.

"कोण आहे?" शोनागने विचारले.

"माझे बाबा."

"तुम्ही इथे नेहमी येता?"

"पहिल्यांदा आले."

"का?"

"चल. उद्या रविवार आहे. पाणी भरायचंय, बटाटे सोलायचेत."

बटाटे मी सकाळीच सोलले होते.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

माग आठला सुरू झाला. दुपारी अर्धा तास थांबला. खिडकीतून पाहिले, काही मोडलेले नव्हते. शोनाग आणि रोरी शेडच्या पायरीवर बसून हेरिंग मासे आणि बटाटे खात होते. तो बोलत होता. काय ते ऐकू आले नाही, माझा तो विषयही नाही. मग पोर आत आली आणि म्हणाली, "बाई, बाबा म्हणाला, त्यालाही तीळ माहीत होता."

तुकड्याचा काय हिशेब लागला ते मी विचारले नाही. केटी-ॲनने त्याला गळ्याशी बटण लावून दिले आहे. आता ती ते शाळेतही पांघरून जाते. मास्तरांची हरकत असेल तर त्यांनी माझ्याशी बोलावे.

२० नोव्हेंबर, सोमवार

पुस्तकाचा मजकूर टपालात टाकला. पाठवण्यापूर्वी अकराही गोष्टी पुन्हा लिहून काढल्या. राक्षसाला त्याचे तीन भाऊ खायला परत दिले. कोळी बुडाला. पाद्रीबुवा, बायबल, परीलोकांना अडवायला दारात खोचलेली लोखंडी सुरी, सगळे जागच्या जागी ठेवले. सोबतच्या पत्रात एकच ओळ : 'मृत्यूचे प्रसंग शक्यतो टाळावेत अशी सूचना होती. टाळणे शक्य झाले नाही.' ते पुस्तक छापतील किंवा छापणार नाहीत.

प्रत्येक गोष्टीखाली ती कोणाकडून मिळाली हे लिहायचे असते. बाराव्या गोष्टीखाली 'ओयरिक मॅक्लेनन' लिहिले. शेवटासाठी वेगळी ओळ होती, ती दोन दिवस कोरी ठेवली. आज आईचे नाव लिहिले. पुरावा काही नाही.

यंदा चुलीत जाळायची पीट, दलदलीतून कापलेली माती, नीट वाळलेली नाही, धूर फार आणि ऊब कमी. म्हणून कपड्यांच्या पेटीतून बाबांचा सदरा काढला. एकोणसाठ वर्षांत त्याला कसर लागलेली नाही, आईने कापूर नेमाने बदलला आणि तिच्यामागे मी. आडवी झाल्यावर अंगावर टाकून पाहिला.

आता तो गुडघ्यापर्यंतच येतो.